कुंपणावरचा घेवडा

"झाडांशी बोलत जा गं पोरींनो. बोललेलं त्यांना पोचतं."

असं सासूबाई म्हणायच्या. दोघी जावा तेव्हा नव्या होत्या, बाग एकच होती. धाकटीला हसू आवरायचं नाही. वांग्याला काय विचारायचं, जेवलास का म्हणून? थोरली मात्र खरंच बोलायची, भेंडीला गोंजारायची, मिरचीला दटावायची. मग धाकटीलाही सवय लागली.

सासूबाई गेल्या. बागेच्या मधोमध काटक्यांचं कुंपण आलं. दोघी अजूनही झाडांशी बोलतात, पण पोचवायचं असतं ते कुंपणापलीकडं.

पानगळ लागली होती. ऊन पिवळं पडलं होतं, आणि शेवटची अंजिरं देठाशी सुकत होती. थोरलीच्या अंजिराची पानं वारा उचलायचा आणि नेमकी धाकटीच्या मुळ्यांच्या वाफ्यात आणून टाकायचा. धाकटीनं ती पाटीत भरली आणि कुंपणावरून पलीकडं ओतली.

"जा रे, आपल्या घरी जा," ती पानांना म्हणाली. "तुम्हाला जन्म देणारीला झाडायचा कंटाळा."

पलीकडं थोरली वांगी तोडत होती. तिनं मान वर केली नाही. "काटे बघा मेल्यांचे," ती वांग्यांना म्हणाली. "जवळ जाईल त्याला टोचायचं. खत घालून घालून हात झिजले, तरी वळण नाही ते नाहीच."

गवंडी दोरी धरून कुंपणाच्या कडेनं चालत होता. उद्यापासून इथं भिंत उठायची होती. दगड येऊन पडले होते. भिंत धाकटीनंच मागितली होती. दोघींचे नवरे आधी नाही म्हणाले, मग रोजच्या कटकटीला कंटाळून हो म्हणाले.

"वहिनी, उंची किती धरू?" गवंड्यानं विचारलं.

"इकडचं बोलणं तिकडं जाणार नाही इतकी."

गवंडी हसला. "तशी भिंत बांधता आली असती, तर आधी माझ्याच घरात बांधली असती." त्यानं दोरी गुंडाळली आणि कुंपणावरच्या वेलाकडं बोट केलं. "हा घेवडा तेवढा काढून ठेवा. सकाळी येतो."

तो गेला. मग बागेत वाळक्या शेंगांचा खुळखुळाट तेवढा उरला.

धाकटीनं वेलाला हात घातला. घेवडा तिच्या बाजूनं लावलेला, पण तो कुंपणाचं कुठं ऐकतो? अर्धा इकडं, अर्धा तिकडं. थोरली आता कुंपणाशी आली होती आणि आपल्या बाजूच्या वाळक्या शेंगा बियाण्यासाठी खुडून ओच्यात टाकत होती. काटक्यांच्या फटीतून तिची बोटं दिसत होती. कधीकाळी याच बोटांनी तिनं बाळंतपणात धाकटीच्या केसांना तेल लावलं होतं. ते आठवलं तसा धाकटीचा राग आणखीच वर आला.

कारण तिचं रांगायला लागलेलं पोर तापानं गेलं, त्या दिवशी सगळं गाव तिच्या दारात येऊन गेलं होतं. थोरली आली नव्हती. एका कुंपणापलीकडं घर, पण आली नाही. त्या दिवसाचं धाकटीला एवढंच स्पष्ट आठवतं. बाकी नुसतं धुकं.

थोरलीच्या मांडवावर दुधीचा वेल पसरला होता. यंदा त्याला एकही फळ धरलं नव्हतं. धाकटीनं त्याच्याकडं बघितलं आणि आवाज चढवला.

"काय माजलीय बघा! मांडवभर पानं, आणि फळाच्या नावानं शंख. असली वेल मुळातून उपटावी. स्वतःला धरत नाही, आणि दुसऱ्याचं धरलेलं बघवत नाही."

फटीतली बोटं थांबली.

थोरलीला मूल नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं, पण एवढं उघड अजून कुणी वेलीलासुद्धा म्हटलं नव्हतं. बोलून झाल्यावर धाकटीनं घेवडा दोन्ही हातांनी धरून हिसडला. वेल काटक्यांतून करकरत निघाला, पलीकडच्या शेंगा तडतडा फुटल्या, बिया मातीत उडाल्या.

"हळू ओढ की गं!"

हे वेलाला म्हटलेलं नव्हतं. वेल कुणाला ओढत नाही.

धाकटी कुंपणाशी गेली. काटक्या छातीला टोचेपर्यंत पुढं झाली. "माझ्याशी बोलताय? एवढ्या वर्षांनी तोंड उघडलंत, ते चार शेंगांसाठी? माझं पोर गेलं तेव्हा दोन शब्द सापडले नाहीत तुम्हाला. परके लोक येऊन रडले. तुमचे पाय काय मोडले होते, जाऊबाई?"

थोरलीनं ओच्यातल्या शेंगा खाली सोडल्या. हात झटकले. वांग्यांकडं पाहिलं नाही, दुधीकडं पाहिलं नाही. सरळ धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं.

"आले होते मी," ती म्हणाली. "दाराशी चपला काढल्या होत्या. आतून तुझा आवाज आला. 'तिला आत घेऊ नका, तिच्याच डोळ्यांनी खाल्लं माझं लेकरू.' बायका तुला गप्प करत होत्या, तू पुन्हा पुन्हा तेच म्हणत होतीस. मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच परत फिरले. वाजल्या असत्या, तर तुला कळलं असतं की मी ऐकलं."