अधांतरी न्यूट्रल

"माझ्या बायकोला मारायला टपलाय हा," थोरला म्हणाला. वॉशिंग मशीनला हात लावताच तिला शॉक बसला होता. मधल्या भिंतीपलीकडून धाकटा ओरडला, "आणि माझ्या फ्रिजला करंट येतो, तो काय मी सोडलाय?"

मी वायरमन. त्या घरापर्यंत लाइन आलेली नव्हती. सोलरचा एकच इन्व्हर्टर दोन्ही भावांना पुरत होता, आणि तो वडिलांच्या खोलीत होता. वडील पेपर वाचत होते.

"काका, भांडण कशावरून?"

"मला मध्ये ओढू नका. चार वर्षं झाली, मी न्यूट्रल आहे."

मी इन्व्हर्टर उघडला. दोघे भाऊ येऊन खोलीच्या दोन दारांत उभे राहिले.

"आता सांग, चूक कुणाची?" थोरल्यानं विचारलं.

"तुम्हा दोघांचं वायरिंग ठीक आहे. न्यूट्रल एका जागी जमिनीला बांधावा लागतो. हा कशालाच बांधलेला नाही. तो असा अधांतरी राहिला, की घरात कुणालाही शॉक बसो, ब्रेकर पडतच नाही."

चार वर्षांत पहिल्यांदाच दोघांनी एकाच दिशेला पाहिलं.

काकांनी पेपर आणखी वर धरला.