हुबेहूब आई

“हिरवट आली!” स्लावित्साने नवी प्रत खिडकीच्या उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. “आई नुसती शेवाळल्यासारखी दिसतेय.”

“थांबा हो मावशी,” फोटोवाला वेल्को म्हणाला. “करड्यातला हिरवा काढतो.”

त्याने काढला, तर आई जांभळी झाली.

फोटो साठ वर्षांपूर्वीचा, कृष्णधवल. पाठीवर पॅराशूट, विमानाच्या दारात एक पाय, आणि आई खदाखदा हसतेय. पान्चेवो गावच्या पॅराशूट क्लबातली पहिली मुलगी! निगेटिव्ह केव्हाच हरवली, राहिला हा एवढा एक फोटो. आई गेल्यावर स्लावित्साची आणि तिच्या थोरल्या बहिणीची, देसांकाची, त्यावरून चांगलीच जुंपली होती. शेवटी तोड निघाली. एक वर्ष हिच्याकडे, एक वर्ष तिच्याकडे. पितरांच्या शनिवारी आईच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायच्या, गोड गहू खायचे आणि फोटो दुसरीच्या हातात द्यायचा.

तो शनिवार उद्या होता. उद्या देसांकाला प्रत द्यायची आणि अस्सल फोटो गुपचूप आपल्याच घरी ठेवायचा, असं स्लावित्साने पक्कं ठरवलं होतं. सकाळपासून तिला कॉफीसुद्धा धड गेली नव्हती. भीती कसली, शाळा बुडवून पळाल्यासारखी मजा वाटत होती.

“प्रत कुणासाठी?” वेल्कोने विचारलं.

“ताईसाठी.”

“वा! बहीण असावी तर अशी.”

स्लावित्साला एकदम खोकला आला.

वेल्कोही इरेला पेटला होता. हे दुकान त्याने उन्हाळ्यातच एका म्हाताऱ्याकडून प्रिंटरसकट विकत घेतलं होतं, आणि इतकं अवघड काम पहिल्यांदाच आलं होतं. अस्सल फोटोतल्या करड्या छटा मोजायच्या, प्रतीतल्या मोजायच्या, आकडे बदलायचे, पुन्हा छापायचं. घोळ नको म्हणून अस्सल फोटोच्या पाठीवर त्याने एक पिवळी चिठ्ठी चिकटवली.

“काय जपलाय हो! मागून एक डाग नाही.”

“आमच्या घरात वस्तू जपतात,” स्लावित्सा फुशारली. “मागच्या वर्षी देताना ताईने तर नवी कोरी चौकट करून दिली.” हे बोलताना मात्र तिला जरा चुटपुट लागली.

“आणि हा काळा बघा! हल्ली असा काळा कुणाच्या बापाला जमत नाही.”

पुढची प्रतही फसली. वेल्कोने डोकं खाजवलं. “म्हाताऱ्याने प्रिंटरमध्ये स्वतःचं एक सेटिंग ठेवलंय. कशासाठी केलं होतं देव जाणे. लावून बघू?”

“बघ रे बाबा, दुपार झाली!”

प्रिंटर कुरकुरला. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला. आधी केस, मग दात, मग छातीवरचे पट्टे. दोघं श्वास रोखून वाकले होते. वेल्कोने छटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“मावशी! एकूण एक आकडा जुळला! असं कधी होत नसतं हो!”

स्लावित्साने त्याचा गालगुच्चाच घेतला. वेल्कोने राकियाचे, फळांच्या कडक दारूचे, दोन प्याले भरले, दोघांनी एका घोटात रिकामे केले. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर तिची तीच चक्रावली. ताई काय, खुद्द आई उठून आली तरी फसली असती!

“फक्त एक खोट आहे,” वेल्को ओशाळून म्हणाला. त्याने प्रत तिरपी धरली. खालच्या कोपऱ्यात, कागदाच्या चकाकीवर, सुई टोचल्यासारखी तीन टिंबं, मग फट, मग दोन टिंबं. “आतल्या चाकाचे दात मोडलेत, प्रत्येक कागदाला चावतं. म्हाताऱ्याची देणगी! असला चावा अख्ख्या सर्बियात दुसरं मशीन घेणार नाही.”

“ताईला दिसेल?”

“छे! चौकटीखाली जाईल. तिरपं धरल्याशिवाय तुम्हालासुद्धा दिसायचं नाही.”

स्लावित्सा हसत खिडकीशी गेली. प्रत तिरपी करून पाहिली. दिसली टिंबं, पण अगदी बारीक. मग सहज, फरक किती ते बघावं म्हणून, तिने पिवळ्या चिठ्ठीचा फोटो उचलला आणि तोही उजेडात तिरपा धरला.

तीन टिंबं, मग फट, मग दोन टिंबं.