उजवा हात

"एकाऐवजी दोन फादर-इन-लॉ असतील, तर एस कुठे लावायचा? आणि सासऱ्यांचं घर म्हणायचं असेल, तर कुठे?"

हेमलताबाईंनी विचारलं आणि सातवीच्या वर्गातले सगळे हात वर गेले. मागच्या बाकावरच्या तपासणी अधिकाऱ्यांनी वही उघडली. त्यांच्या शेऱ्यावर बाईंची नोकरी राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

हात सगळ्यांनी वर करायचे, हे कालच ठरलं होतं. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा, असं बाईंच्या मनात होतं; पण डावा-उजवा हे शब्द त्यांनी मुलांपुढे उच्चारलेच नव्हते. "येत असेल तर हा हात," म्हणत बाईंनी मुलांसमोर उभं राहून स्वतःचा उजवा हात उंचावला होता. मुलांनी पाहून तसंच केलं होतं.

आता बाईंची नजर निखतवर गेली. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी डावा हात ताणून बसली होती. शेजारी, एबीसीडीतही अडखळणाऱ्या गोट्याचा उजवा वर होता. समोरच्या मुलांनी काल आरशातल्यासारखी नक्कल केली होती.

"निखत, तू..." त्या घाईने म्हणाल्या.

"थांबा, मी विचारतो." अधिकारी पुढे आले आणि बाईंच्या कानाशी हसून पुटपुटले, "घाबरू नका. मीही बारा वर्षं शिकवलंय. ही युक्ती मलाही ठाऊक आहे. उजवा हात वर असलेल्यालाच उठवतो."

त्यांनी गोट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग, बाळा."

गोट्या उभा राहिला. हात अजून वरच होता.

"मला येत नाही, सर. म्हणून तर हा हात वर केलाय."