सगळ्यांच्या आधी

औरंगपुऱ्यातली प्रेरणा गेमिंगचे व्हिडिओ बनवायची. पण एक व्हिडिओ रेंडर होऊन तयार व्हायला अर्धा दिवस जायचा, तोवर बाकीचे आपापले व्हिडिओ टाकून मोकळे व्हायचे. गेमचा नवा मॅप आला त्या दिवशी तर तिला खुर्चीत बसवेना.

"सॉफ्टवेअर बदल ना यार," मैत्रीण रुक्सार फोनवर म्हणाली. "ग्राफिक्स कार्डावर चालणारं घे, लई फास्ट असतं."

प्रेरणानं एक टाकून पाहिलं, ते हँग झालं. दुसऱ्यानं व्हिडिओभर स्वतःचंच नाव छापलं. तिसरं मात्र जमलं. कानाला हेडफोन लावून, माइकवर बोलत ती नव्या मॅपवर खेळली, रेकॉर्डिंग घाईघाईत कापलं, आणि आईनं आणून ठेवलेला चहा निवायच्या आत व्हिडिओ तयार झाला. एकदा नीट ऐकून बघायलाही न थांबता तिनं तो टाकून दिला.

मग ती स्क्रीनसमोर पाय हलवत बसली. पहिली कमेंट आली.

"ताई, व्हिडिओत मागून तुमच्या आई-बाबांचं बोलणं ऐकू येतंय. बाबांच्या ऑपरेशनचं त्यांनी तुम्हाला खरंच सांगितलं नाय का?"