दहा शनिवार

"तू दफनभूमीत गेली नव्हतीस अशा तारखा सांग," प्रणित म्हणाला. "दहा पुरे. तुझ्या तारखांशी भिडायला नकोत."

नमितानं मोबाइलमधलं कॅलेंडर उघडलं आणि एकेक तारीख सांगत गेली. दहा दिवस, रोज चार तास, झाले चाळीस. प्रणित कॉलेजातल्या सेवा योजनेचा विद्यार्थीप्रमुख. पेणहून रोह्याला बुलेटवर यायचा, पण वर्षभरात त्याच्या हाताला झाडूचा स्पर्श झाला नव्हता. एकशेवीस तास भरायचे होते; ऐंशी हजेरी घेण्याचे धरले होते, उरलेले चाळीस आता कागदावरच उगवायला हवे होते.

"सगळे शनिवारच आहेत की," तो खूश झाला. "बरंच झालं. सुट्टीचा वार, कुणाला शंका नाय येणार."

तिथल्या राखणदाराची सही गिरवायला तिनं आपला तासांचा तक्ताही त्याला दिला.

"तुझे ते बारा तास मी करून टाकतो," जाताना तो म्हणाला.

"माझं मी बघीन."

ते बारा तास त्यानंच तर खाल्ले होते. रविवारच्या श्रमदानाची हजेरी सकाळी आठला कॉलेजच्या फाटकात लागायची. नमिता कासूची. गाडी रखडली की ती धापा टाकत सव्वाआठला पोचायची आणि प्रणित हसत हसत तिचा एक तास कापायचा. नियम म्हणजे नियम. असे बारा रविवार झाले. ती मात्र तशीच पूल ओलांडून अष्टमीला जायची, ज्यूंच्या दफनभूमीतलं गवत काढायची आणि कापलेला तास भरून द्यायला तासभर जास्त राबायची. त्या जास्तीच्या तासाला तक्त्यात जागा नव्हती. एकशेआठवर घोडं अडलं होतं. रसायनशास्त्रात ती सहा गुणांनी नापास होती. एकशेवीस तास पुरे झाले तर योजनेचे दहा गुण मिळणार होते, नाहीतर वर्ष पाण्यात.

तास गेल्याचं दुःख होतंच, पण त्याचं ते हसणं तिला जास्त झोंबलं होतं. नुसती तक्रार केली असती तर गड्यानं गोड बोलून वेळ मारून नेली असती. तिला त्याचं नाक चारचौघांत कापलेलं बघायचं होतं.

दफनभूमी एलियाह काका सांभाळायचे. मुलं इस्राएलला गेली, हे एकटे राहिले. थडग्यांवरची नावं वाचून दाखवायचे, कोण कुणाची आत्या, कोण कुणाचा मेहुणा ते सांगायचे. काम संपलं की चहा, मग तक्त्यावर सही. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, मात्र फाटकाला कुलूप. त्या दिवशी काका आगकाडी ओढायचे नाहीत की पेन धरायचे नाहीत. त्यांच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हे अष्टमीतलं शेंबडं पोरही सांगेल. पेणच्या शहाण्याला ते कळायला एकदा तरी तिथं पाय ठेवायला हवा होता.

प्रमाणपत्रं काकांच्या हातून द्यावीत, हे दिपिका मॅडमना नमितानंच सुचवलं. योजना त्यांच्याकडे होती. तक्ते एकदा काकांना दाखवा, हेही तिनंच हळूच त्यांच्या कानावर घातलं. काकांना ती स्वतः जाऊन बोलावून आली.

"येतो की," काका म्हणाले. "तुजे बारा तासपन सांगतो मॅडमना. उशिरा आलीस तेवडी उशिरा गेलीस. मी बघितलाय ना."

समारंभाच्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून आले. सभागृह भरलं होतं. मॅडमनी प्रणितचा तक्ता त्यांच्यापुढे धरला. "काका, या सह्या तुमच्याच ना?"

काकांनी चष्मा लावला. तारखांवरून बोट फिरवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरशी एकेक ताडून बघितली. फार वेळ लावला.

"शनवारी मी पेन हातात धरत नाय," ते म्हणाले. "या सह्या माज्या नाय."

प्रणितचा चेहरा उतरला. मॅडमनी त्याचं प्रमाणपत्र ढिगातून बाजूला काढलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं नमिताचा जीव थंड झाला. वर्षभराचं एकदाचं फिटलं.

"तारखा नमितानं दिल्या," प्रणित उठून म्हणाला. "गिरवायला तक्ताही तिनंच दिला. विचारा तिला."

काका तिच्याकडे वळले. "व्हय, गो?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण ती लपवेल कशाला? तिनं मान ताठ केली. "हो काका. मुद्दाम शनिवार दिले. सगळ्यांसमोर पकडला जावा म्हणून."

काकांनी नमिताचा तक्ता मागून घेतला. राहिलेले बारा तास स्वतःच्या हातानं लिहिले, खाली सही केली आणि मॅडमकडे दिला. एकशेवीस पुरे झाले. नमिता त्यांच्या पाया पडायला वाकली, तसे ते दोन पावलं मागे सरले.

"तास खरे होते, म्हणून लिवले," ते म्हणाले. "त्या पोरानं माजी सही चोरली. त्याला ठावूक नव्हता काय करतोय ते. तुला सगळा ठावूक होता, तरी माज्या शनवारचा तू सापळा केलास. आता फाटकाशी येव नको, गो. तुज्यासाठी रोजच शनवार."