वाळलेलं पान

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून निपाणीचे तंबाखू व्यापारी आप्पाण्णा रोज वखारीतल्या मोठ्या तराजूत बसायचे. आज उतरताना त्यांचा तोल गेला. ओठ कोरडे पडून फुटलेले, पण चेहरा खूश.

"आणखी उतरलं बघ!"

बायको तारामती पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. "कपाळ माझं! डॉक्टरांनी तूप सोडा म्हटलंय, पाणी न्हाय! दिवस मावळायच्या आत प्या, न्हाईतर जैनाच्या नेमानं उजाडंपतोर पाण्याला शिवणार न्हाय तुमी."

"तंबाखूवर पाणी मारलं की वजन वाढतंय. जन्म गेला माझा ह्या धंद्यात, मला शिकवू नगंस."

तिनं ढिगातलं कडकडीत वाळलेलं पान उचललं, मुठीत दाबलं आणि चुरा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"ह्याचंबी वजन उतरलं हुतं."