वरचे तेवीस वॅट

"अर्धा एचपी म्हणजे किती वॅट?" नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी करत अण्णांनी विचारलं. माझे वडील; चाळीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड केलेला माणूस. रोज सकाळी माझी परीक्षा घ्यायचा.

"साडेतीनशे."

"तीनशे त्र्याहत्तर! वरचे तेवीस काय तुझ्या बापाचे?" आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी अर्धा कप चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं. टाकी रिकामी होती आणि अण्णांची अंघोळ राहिली होती. इन्व्हर्टर सातशे वॅटचा, मशीन साडेतीनशेचं, अर्ध्या एचपीचा पंप साडेतीनशेचा. बरोबर बसतंय, असं म्हणत मी पंपाचं बटण दाबलं.

पंप एकदाच घुरघुरला आणि घर गप्प झालं. वरचे तेवीस इन्व्हर्टरला पेलले नव्हते. मशीनची फुसफुसही थांबली होती. मी आत धावले. इन्व्हर्टर पुन्हा सुरू होईना. पलंगाशेजारच्या राखीव ऑक्सिजन सिलिंडरची चावी घामेजल्या हातांनी फिरेना. अण्णा तोंड उघडून माझ्या हातांकडे बघत होते. चावी फिरली तेव्हा ते बघत नव्हते.

तेराव्याला आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लाइटच गेली, त्याला तू काय करणार, बाळ?" तेरा दिवस सगळे हेच म्हणत होते आणि मी म्हणू देत होते.

"इन्व्हर्टर चालू होता, आत्या. त्यावर पंप मी लावला."